घरात येऊन मोजा

माझे वडील सालदार. दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबणारा माणूस. आई निंदणीला जायची. घरात मोबाइल एकच, आणि तोही घरात आणला की मेल्यासारखा पडून राहायचा. बारावीनंतर मी कॉलेजचा अर्ज भरत होते तेव्हा त्याच मोबाइलवर ओटीपी यायचा होता, दहा मिनिटांच्या आत. तो आला पाऊण तासाने. तोवर मोबाइल हातात धरून मी गल्लीत, मग उकिरड्यावर फिरले होते, मग पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढले होते. प्रवेशाची फेरी हुकली. वर्ष गेलं. आई म्हणाली, नशीब. मी तेव्हाही म्हणाले होते, हे नशीब नाही, ही कुणाची तरी हरामखोरी आहे. फक्त कुणाची ते मला ठाऊक नव्हतं.

टाकीखाली मी रडत बसले असताना धनराज आबा आले. माझ्या रडण्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पिशवीतून चुन्याची फक्की काढली, जमिनीवर एक भली मोठी फुली मारली आणि म्हणाले, "सरक वं पोरी, माले मोजू दे."

आमचं गाव कळसाडीच्या पलीकडे, शहादा तालुक्यात. आबा आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. सत्तरीचं वय, अंगात बंडी, आणि हातात पितळी ताट. ताटात मोबाइल. आरती फिरवावी तसे ते दिवसातून तीनदा गावभर फिरायचे. आवाज पोचतो तिथे चुन्याचा गोल, पोचत नाही तिथे फुली. गोल मोजके. फुल्या इतक्या, की परगावचा पाहुणा दबक्या आवाजात विचारायचा, "गावात कसली साथ आली का?" एकदा त्यांनी लग्नाच्या वरातीतला बँड थांबवला. त्यांचं म्हणणं, ढोलामुळे मोजणी बिघडते. नवरदेव घोड्यावर ताटकळला आणि आबा घोड्याच्या पोटाखाली मोबाइल धरून "हॅलो, हॅलो" करत राहिले. नवरदेवाच्या मामाने दोन शिव्या हासडल्या. आबांनी घोड्याखाली फुली मारली आणि पुढे गेले.

पुढच्या वर्षी मी बी.एस्सी.ला गेले, फिजिक्स घेतलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही. आबांच्या मोबाइलवर मी सिग्नलची ताकद आकड्यात दाखवणारं ॲप टाकून दिलं. ते आकडे उणे असतात. उणे सत्तर चांगलं, उणे एकशेवीस म्हणजे संपलं. आबांना हे काही केल्या पटेना.

"उनं म्हंजे उनं. त्यामा लहान काय नि मोठं काय?"

"आबा, विहिरीचं पाणी किती खाली गेलं, तसं समजा."

"मंग असं सांग ना! फिजिक कसाले सांगस?"

तेव्हापासून त्यांच्या वहीत उणेची खूण नाही. 'पाणी एकशेदहा हात खाली' असं लिहिलेलं आहे. दहा महिन्यांची वही, दिवसाला तीन नोंदी.

लोक हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू. पण आबा हे कशासाठी करतात ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यांची बायको, सुमनमाय, लकवा झाल्यापासून खाटेवर. मुलगी वैशाली सुरतला. घरात आवाज पोचत नाही, धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, पोचतो. म्हणून रोज संध्याकाळी आबा चादरीने सुमनमायला पाठीशी बांधायचे आणि लाकडी शिडीने धाब्यावर न्यायचे. सत्तर वर्षांचा माणूस, पाठीवर बायको. एका श्रावणात शिडीवर पाय घसरला. खालच्या दांडीला हात अडकला म्हणून दोघं वाचले.

सुमनमाय मात्र थट्टा सोडायची नाही. "मन्हा तोंडकडे यानी कधी इतलं देखं नही," ती मला म्हणायची, "जितलं त्या मोबाइलकडे देखी ऱ्हायना."

आता रागाचं कारण ऐका. मोबाइल कंपनीच्या कागदावर आमचं गाव 'सेवा उपलब्ध' होतं. का, तर मोजणीला त्यांची गाडी आली होती. टपावर अँटेना लावलेली पांढरी गाडी गावाच्या बाहेरच्या डांबरी रस्त्याने सुसाट गेली आणि सुसाट परत आली. कुणी खाली उतरलं नाही. आणि आली कधी, तर मे महिन्यात. मेमध्ये आमच्याकडचा ऊस कारखान्यात गेलेला असतो, बुडख्यांतून फुटलेला खोडवा गुडघ्याएवढा, शिवार मोकळं. भादव्यात याच गावाला चारी बाजूंनी दीड पुरुष उंचीचा ओला ऊस वेढा घालतो, आणि दूरच्या टॉवरचा सिग्नल त्यातच जिरतो. हे आबांच्या वहीत महिन्यागणिक दिसतं. ऊस एक हात वाढला, पाणी चार हात खाली.

"मानूस काय डांबरवर ऱ्हास का?" आबा चिडून म्हणायचे. "मोजा, पन घरमा ईसन मोजा!"

मी शोध घेतला. मोजणी कशी करायची याचं मानक असतं, आणि ते ठरवणारं एक सरकारी कार्यालय असतं. त्या मानकाचा नवा मसुदा निघाला होता आणि त्यावर ग्राहकांच्या सूचना मागवल्या होत्या. जुन्या मसुद्याच्या शेवटी एक वाक्य होतं: 'ग्राहकांकडून कोणतीही सूचना प्राप्त झाली नाही.' ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कशी प्राप्त होईल? सूचना द्यायची वेबसाइटवर, आणि ती वेबसाइट उघडायला मला टाकीच्या शिडीवर बसावं लागत होतं! ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाच फोन करून विचारायचं, आणि उत्तर आलं नाही की लिहायचं, तक्रार नाही.

सूचनेच्या अर्जात 'संस्थेचे नाव' भरल्याशिवाय पुढे जाता येईना. कंपनी, संघटना, विद्यापीठ, काहीतरी हवंच. नुसता माणूस चालत नव्हता.

"आबा, संस्था कोणती लिहू?"

"मन्हं घर," आबा म्हणाले.

मी तेच लिहिलं. माझे घर.

दीड महिन्याने बोलावणं आलं. पुण्यात एका मोठ्या हॉटेलात खुली चर्चा. मी सोबत होतेच; आबा निघाले ते पाचट न सोललेल्या उसाची मोळी घेऊनच. एसटीच्या कंडक्टरने मोळीचं वेगळं तिकीट फाडलं. हॉटेलच्या दारात रखवालदाराने अडवलं.

"काका, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"हाई खावानं नही," आबा म्हणाले, "मोजानं शे."

रखवालदार साताऱ्याकडचा, उसाच्याच मुलखातला निघाला. त्याने उसाकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि दुसरीकडे तोंड करून दार उघडं सोडलं. त्या दिवशी भेटलेला तो पहिला शहाणा माणूस.

आत थंडगार हॉल. प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. कंपन्यांचे लोक ओळीने बसलेले, आणि ग्राहकांच्या बाजूने बोलायला एक गृहस्थ, ज्यांची मुख्य तक्रार लिफ्टमध्ये फोन कट होतो ही होती. दुपारी सूत्रसंचालक बाईंनी पुकारलं, "माझे घर या संस्थेचे प्रतिनिधी?" सगळे हसले. आबा मोळी उभी धरून उठले. दोन मिनिटं मिळाली होती.

"साहेब, तुम्हनी मोटार आमना गावले कवय उनी?"

समोरच्या ओळीतल्या आमच्या कंपनीच्या साहेबाला कळेना. मी मराठीत सांगितलं. तो कागद चाळून म्हणाला, "मे महिन्यात."

"मे मा आमनाकडे ऊसच नही ऱ्हास." आबांनी मोळी त्याच्या टेबलावर आडवी ठेवली. बाटल्या घरंगळल्या. "हाऊ ऊस देखा. असा ऊस चारी बाजूले. भादवामा या, नि मन्ही बायकोनी खाटवर बठीसन फोन लाई दखाडा."

साहेब हसून म्हणाला, "पिकांचा परिणाम नगण्य असतो. आणि तुमची मोजणी प्रमाणित उपकरणाने केलेली नाही."

माझा संयम तिथे संपला. मी माईक घेतला आणि विचारलं, "हा फोन तुमच्याच कंपनीच्या दुकानातून घेतलाय. विकताना प्रमाणित होता, मोजताना नाही?" मग वही उघडून मेची नोंद वाचली आणि भादव्याची वाचली. जागा तीच. सुमनमायची खाट. "नगण्य कुणासाठी?" मी म्हणाले. "सत्तर वर्षांचा माणूस बायकोला पाठीवर बांधून शिडी चढतो, कारण तुमची गाडी गल्लीत वळत नाही. या हॉलमध्ये मानक ठरवणाऱ्यांपैकी उसाच्या गावात कोण राहतं? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. घंटा वाजली, दोन मिनिटं संपली. पण कार्यालयाच्या एका वयस्क अधिकाऱ्याने आमची वही मागून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर न जाता पानन् पान वाचली. 'पाणी' म्हणजे काय, एवढंच त्यांनी मला विचारलं.

पुढच्या वर्षी भादव्यात मोजणीवाले आले, गाडीतून उतरले, चपला काढून आबांच्या घरात गेले. आमचं गाव 'उपलब्ध'च्या यादीतून निघालं. मग कंपनीला टॉवर उभा करावा लागला.

टॉवर सुरू झाल्याच्या आठवड्यात मी पेढे घेऊन आबांकडे गेले. दार लोटलेलं. आतून सुमनमायच्या बोलण्याचा आवाज येत होता, मोबाइल उशीला टेकवलेला असावा. आबा बाहेर ओट्यावर एकटेच बसले होते.

"आबा, आत चला ना. वैशालीताई बोलतेय."

"मायलेकीना बोलना शे. मन्हं काय काम तठे?"

वैशालीताईने मनाने लग्न केलं, दुसऱ्या जातीत. तेव्हापासून आबा तिच्याशी बोलत नाहीत, हे गावाला माहीत होतं. मी पेढा पुढे केला. त्यांनी तो हातात धरला, खाल्ला नाही.

"धाबावर मोबाइल मालेच धरना पडे," ते म्हणाले. "हिना हात थरथरतस ना. तठे आयकू ये पोरीना आवाज."

सहा वर्षं या माणसाने मुलीशी एक शब्द काढला नव्हता, आणि सहा वर्षं रोज संध्याकाळी तोंड फिरवून तिचा शब्दन् शब्द ऐकला होता. पुण्यापर्यंत भांडून आपल्या हाताने त्याने ते संपवलं होतं.

"आबा, असं होईल हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"व्हतं ना," ते म्हणाले. "पन शिडीवरथून ती पडी जाती तर?"

आतलं बोलणं संपलं. आबा लगेच उठले, दारापाशी गेले आणि उंबऱ्यावरूनच विचारलं, "काय म्हनस पोर?"

"तुन्ही खबर इचारस," सुमनमाय म्हणाली. "तूच लाव ना एकदाव."

आबा उंबरा ओलांडून आत गेले.

मानकात आता लिहिलेलं आहे: गावातली मोजणी राहत्या घरात जाऊन करावी, आणि उभ्या पिकाच्या महिन्यांतही करावी. सुमनमाय खाटेवर पडल्या पडल्या मुलीशी बोलते. तिला शिडीवर चढवावं लागत नाही.