देवू समुद्रावर आहे

योजना आखण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात नाही! पस्तीस वर्षं बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळली, एकदाही काही उडालं नाही. (भुवयांचं सोडा, त्या परत उगवतात.) तेव्हा जुलैतले दोन सुट्टीचे दिवस, सुरत शहर, युनिव्हर्सिटीतले जुने मित्र आणि एक छोटंसं खोटं, एवढं मला थोडंच जड जाणार होतं?

आम्ही चौघे. एमएस्सी केमिस्ट्री, होस्टेलची एकच खोली. मेहुल आता बडोद्याला, दर्पण पुण्याला, मी बोईसरला आणि देवू तारापूरजवळच्या त्याच्या गावात. देवूने पदवी घेतली, ट्रंकेत ठेवली आणि सरळ बापाच्या बोटीवर गेला. "केमिस्ट्री समिंदरात पन हायच ना!" म्हणायचा.

एप्रिलमध्ये देवू गेला. अंगणात जाळं शिवत बसला होता, बसल्या बसल्याच गेला. मी खांदा दिला. नेमकी त्याच आठवड्यात दर्पणची बायपास होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, कसलाही धक्का नको. मेहुलला सांगावं, तर त्याच्या पोटात गोष्ट पाच मिनिटं राहत नाही. म्हणून मी दोघांनाही काहीच कळवलं नाही.

बाराव्या दिवशी देवूच्या बायकोने, इंदुबाईंनी, त्याचा फोन माझ्या हातात दिला. "भावजी, यातलं फोटू तेवढं काढून द्या. मला कलत नाय." फोन घरी आणला आणि आमच्या ग्रुपवर दर्पणचा मेसेज आला. ऑपरेशन नीट झालं. देव्या, सुके बोंबील कधी पाठवतोस?

मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. मग देवूच्या फोनवरून लिहिलं, "पाठवतो रे. गोळ्या वेळेवर घे, दर्प्या."

झालं! तिथून मी दोन माणसं झालो. सकाळी कमलाकांत म्हणून सगळ्यांना सुप्रभात करायचो आणि दुपारी देवू म्हणून त्या सुप्रभातची टिंगल करायचो. एकदा तर माझंच माझ्याशी भांडण जुंपलं आणि मेहुलने मध्ये पडून ते मिटवलं! जूनमध्ये दर्पणने देवूला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मात्र मी तो कापला. घाईघाईत लिहिलं, "बोटीवर आहे, रेंज नाही." काय सुरेख सबब! तेव्हापासून देवू कायमचा समुद्रावर.

आमची जागृती म्हणाली, "अहो, तो फोन परत करा. हे बरं नाही." मी म्हटलं, दर्पणसाठी करतोय. खोटं. पहिले आठ दिवस दर्पणसाठी केलं. पुढे माझ्यासाठी. तो फोन हातात असला की देवू होता, एवढंच.

भेटायचं ठरलं तेव्हा सुरत मीच सुचवली. तारापूरपासून लांब! हॉटेल ठरवलं, खाण्याच्या जागा हेरल्या. देवूकडून ग्रुपवर लिहिलं, "बोट घेऊन चाललोय, सोमवारी येईन. मजा करा." रविवारी संध्याकाळी, दर्पणचा चेहरा बघून, हळूच खरं सांगायचं. चोख बेत!

शनिवारी सकाळी मी बॅग भरत होतो. मेहुलचा फोन आला.

"कमळ्या, आम्ही दोघं बोईसर स्टेशनवर उभे आहोत. सुरत रद्द!"

"अरे, बोईसरला बघण्यासारखं काय आहे? कारखाने!"

"मग तेच बघू!"

जेवायला स्टेशनजवळच्या हॉटेलात बसलो. माझ्या उजव्या खिशात माझा फोन, डाव्यात देवूचा. देवूच्या फोनवर मेसेज आला की कोंबडा आरवायचा. तो बंद कसा करायचा हे मला ठाऊक होतं, पण करवलं नव्हतं. दर्पणने शांतपणे टाइप केलं आणि माझ्या डाव्या मांडीवर कोंबडा आरवला!

"काय रे हे?" मेहुल म्हणाला.

"आत चिकन करतायत वाटतं."

"तुझ्या खिशात?"

मी संडासात धावलो. दर्पणने लिहिलं होतं, "देव्या, हवा खराब आहे. सुखरूप असशील तर उत्तर दे, नाहीतर कोस्ट गार्डला फोन करतो." मी भिंतीला टेकून उत्तर दिलं, "सुखरूप आहे. जेवतोय." बाहेर येऊन भाकरी मोडतोय तोच दुसरा कोंबडा. काय जेवतोयस? परत संडास. कालवण! परत बाहेर. कसलं कालवण? जेवण संपेस्तोवर मी सहा वेळा उठलो.

"कमळ्या, शुगर तपासून घे," मेहुल गंभीरपणे म्हणाला.

"शुगर नाही, प्रोस्टेट," दर्पण म्हणाला.

वेटरसुद्धा जवळ आला. "साब, नींबू पानी दूँ?"

रविवारी उजाडताच दर्पण म्हणाला, "चल, देवूच्या गावाला जाऊ."

"तो नाहीये तिथे! समुद्रावर आहे!"

"वहिनी तर असतील."

मी काय काय सांगितलं! रस्ता खोदलाय, पूल बंद आहे, त्या गावातली कुत्री फार चावतात. शेवटी म्हटलं, "दर्प्या, रिक्षात हादरे बसतील. तुझं हृदय..."

"त्याची दुरुस्ती झालीय," म्हणत तो रिक्षात बसलासुद्धा.

वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होतो. दर्पण, जरा बसून घे. दर्पण, पाणी पी. दर्पण, एक सांगायचं होतं. एकही वाक्य त्यापुढे जाईना. याला इथे काही झालं तर ते माझ्यामुळे, एवढंच डोक्यात घुमत होतं.

रिक्षा किनाऱ्याशी थांबली आणि माझी चोख योजना मला डोळ्यांनी दिसली. गावातली एकूण एक बोट वाळूवर ओढून ठेवलेली. वर निळी ताडपत्री, कडेला दगड. पाण्यात एकही होडी नाही! देवूची बोट 'चिमी' तर अगदी समोरच, त्याच्या घराच्या अंगणाला लागून.

पावसाळ्यात बोटी बंद असतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही हो. जुलैत मासळी मिळत नाही म्हणून दरवर्षी मीच घर डोक्यावर घेतो! पण देवू समुद्रावर आहे हे लिहून लिहून मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

मेहुल बोटींकडे बघत म्हणाला, "मग देवू गेला कशातनं? पोहत?"

मी तोंड उघडलं. 

"राहू दे, कमळ्या," दर्पण म्हणाला. "होस्टेलवर देवू अभ्यास कधी करायचा? जून-जुलैत. नारळी पौर्णिमा झाली की प्रत्येक शनिवारी बोटीवर पळायचा. तू जूनमध्ये लिहिलंस, बोटीवर आहे. मी लगेच वहिनींना फोन लावला."

"म्हणजे दीड महिना तुम्हाला..."

"दोघांनाही."

"मग त्याला मेसेज कशाला पाठवत होतास रे?"

दर्पणने चष्मा काढून पुसला. "तुला झापणारच होतो. पण 'गोळ्या वेळेवर घे, दर्प्या' परत वाचलं. देवूच बोलतोय असं वाटलं. मग झापवलं नाही. मलापण तो हवाच होता ना."

"आणि आम्हाला वाटलं, तुलाच सोसत नाहीये," मेहुल म्हणाला. त्याच्या पोटात गोष्ट दीड महिना राहिली होती!

खांदा देताना मी रडलो नव्हतो. आता बोटीच्या ताडपत्रीला धरून चांगला हमसून हमसून रडलो. दोघं दोन बाजूंना उभे राहिले.

इंदुबाईंनी अंगणात बसवून चहा दिला. "मीच बोलवलं यांना," त्या म्हणाल्या. "भावजी इथं येतात, ओट्यावर बसतात, काय बोलत नाय. मला कालजी वाटली." मी देवूचा फोन काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो क्षणभर हातात घेतला, पदराने पुसला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"ठेवा तुमीच. पन पावसात त्यांना समिंदरावर धाडू नका, भावजी. गाव हसंल."

मी फोन डाव्या खिशात ठेवला.  मेहुल आमच्याकडे पाठ फिरवून बोटीकडे तोंड करून बसला होता, मान खाली, अंगठे फोनवर.

माझ्या खिशात कोंबडा आरवला.

मी सवयीने ताडकन उठलो आणि म्हणालो, "वहिनी, संडास कुठे आहे?"