कासमचाचांची पट्टी

कासमचाचा आमच्या घरी आले की लगेच बसत नाहीत. आधी आत येतात, सोफ्याकडे बघत खोलीला एक वळसा घालतात आणि परत दाराबाहेर जातात. मग दुसऱ्यांदा आत येऊन बसतात. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं म्हणून रागावून निघाले. मी पाण्याचा ग्लास घेऊन मागे धावले, तर ते जिन्याजवळून वळून माझ्याच अंगावर येत होते.

"बाजूला हो बाय, उतरतोय," म्हणाले.

हे त्यांच्या कामातून आलेलं. चाचा रत्नागिरीकडचे. कुवेतला आले गवंडी म्हणून, पण गेली कित्येक वर्षं ते अबू फहद नावाच्या एका कुवेती गृहस्थाच्या शेतावर असतात. शेत शहराबाहेर, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पुढे. ह्या अबू फहदला छोटं विमान उडवायचा नाद आहे. त्यात दोनच माणसं बसतात. ते उतरवायला त्याने वाळवंटात जमीन दाबून सपाट करून घेतली आहे. चाचा तिला पट्टी म्हणतात. पट्टी चाचांनीच केली आणि तेच सांभाळतात. दगड वेचायचे, वाऱ्याने आलेली वाळू ओढून काढायची, उंट आणि बकऱ्या हाकलायच्या. असल्या पट्टीवर विमान थेट उतरत नाही म्हणे. आधी वरून एक मोकळी फेरी मारतं, मध्ये कोणी जनावर बसलंय का ते बघतं आणि मग उतरतं. चाचांनी ही रीत शहरात, हवल्लीतल्या आमच्या दोन खोल्यांतही आणली. सोफ्यावर कधी मुलीचं दप्तर असतं, कधी आमच्या ह्यांचे पाय. चाचा दोन्हीला जनावरच म्हणतात.

दर गुरुवारी शेताचा बाजार करायला ते हवल्लीला येतात आणि आमच्याकडे जेवून जातात. येण्याआधी फोन करतात. फोनवर सलाम नाही, काही नाही, पहिला प्रश्न, "वारा कुठला हाय?" मी स्वयंपाकघरात असते. माझी खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते. मला एक्झॉस्ट फॅनचा वारा तेवढा माहीत. तरी मी दर वेळी उत्तरेचा सांगते. चाचा खूश होतात.

वारा दाखवायला पट्टीच्या टोकाला खांबावर एक कापडी नळकांडं फडकत असतं. त्याला चाचा झगा म्हणतात. उन्हाने तो विरला की नवा मी शिवून देते. पहिला शिवला तेव्हा सवयीने मी एक तोंड शिवून बंद करून टाकलं, उशीच्या अभ्र्याला करतात तसं. दुसऱ्या दिवशी चाचांचा फोन आला, की बाय, वारा आत गेलाय तो बाहेरच येत नाय. झगा फुगून खांबाला बैलासारखा ओढत होता.

ह्या हिवाळ्यात चाचांना वजनाचं वेड लागलं. त्याचं कारण जुलेखाचाची. चाची सगळं आयुष्य गावी राहिल्या. मुलांना त्यांनीच वाढवलं, घरही स्वतः उभ्या राहून त्यांनीच बांधून घेतलं. चाचा दोन वर्षांतून एकदा जायचे, पाहुण्यासारखे. आता वय झालं म्हणून चाचांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे वाढणार नव्हता. उन्हाळ्याआधी कायमचं गावी जायचं होतं. त्याआधी चाचींना व्हिजिट व्हिसावर आणायचं, विमानात बसवायचं आणि वरून पट्टी दाखवायची, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

आमचे हे म्हणाले, फोटो पाठवा ना. चाचांनी मोबाईलमधले फोटो दाखवले. सगळ्यांत नुसती वाळू. जमिनीवरून पट्टी दिसतच नाही. माणसं तिच्यावर उभी राहून विचारतात, पट्टी कुठे आहे?

"पोरं शिकली, घर झाला, ता सगळा तिने बघितलाय," चाचा म्हणाले. "मी हितं काय करत होतो, ता नाय बघितला."

अबू फहदची काही हरकत नव्हती. फक्त तो स्वतःच चांगला भरलेला. त्यामुळे शेजारी बसणारं माणूस सत्तर किलोच्या आत हवं. झालं. चाचा आमच्या घरून स्पीकर लावून चाचींना फोन करायचे आणि आधी वजन विचारायचे. गावात वजन करायचं तर रेशन दुकानातला धान्याचा काटा. चाची त्यावर उभ्या राहायच्या, दुकानदार आकडा सांगायचा. पहिल्यांदाच भरल्या सत्त्याहत्तर. चाचा हवालदिल. भात बंद कर, नारळ बंद कर, असं सांगत सुटले.

"इतक्या वर्षांत जेवलीस काय म्हणून विचारला नाय," पलीकडून चाची म्हणाल्या, "आन आता जेवतेस कशाला म्हणून इचारता."

पण त्यांनी भात सोडला. पुढे नारळही सोडला. काटा हळूहळू बहात्तरवर आला आणि तिथेच रुतून बसला. व्हिसा आला, तिकीट आलं, काटा काही हलेना.

विमानतळावरून चाची थेट आमच्याकडे आल्या. चाचांनी कुठूनतरी वजनाचं मशीन आणून दारातच ठेवलं होतं. चाची म्हणाल्या, आधी पाणी तरी विचारा. तरी चपला काढून उभ्या राहिल्या. मशीनने पासष्ट दाखवलं.

चाची खाली उतरल्या, परत चढल्या. पासष्ट. मग आमचे हे चढले, मग मला चढवलं. मशीन बरोबर होतं. चाची तशाच उभ्या राहिल्या आणि हळूहळू त्यांचा चेहरा लाल झाला. गावातला काटा मुळातच जास्त दाखवत होता. त्यावर फक्त चाचीच नव्हे, अख्ख्या गावाची साखर तोलली जात होती.

त्यांना तेव्हाच्या तेव्हा दुकानदाराला फोन लावायचा होता. आमच्या ह्यांनी कसंबसं समजावलं. मग त्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, बाय, भात वाढ. दोनदा भात घेतला, वर नारळाची सोलकढी प्यायल्या. चाचा मागे उभे राहून प्रत्येक घासाला अस्वस्थ होत होते. उडून झाल्यावर जेव, म्हणत होते. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे शेतावर गेलो. रिक्षाला पंख लावले तर कसं दिसेल, तसंच ते विमान होतं. अबू फहद अरबीत काहीतरी म्हणाला, चाची मराठीत काहीतरी म्हणाल्या, आणि दोघांनी समजल्यासारख्या माना हलवल्या. चाचांनी चाचींना आत बसवून त्यांचा पट्टा बांधला, ओढून बघितला, परत ओढला. मग विमान पट्टीवरून गडगडत गेलं आणि वर उठलं.

आम्ही सगळे वर बघत होतो. चाचा पट्टीकडे बघत होते. कुठून तरी तीन बकऱ्या आल्या, तर हा म्हातारा लुंगी सावरत त्यांच्यामागे धावला. परत आल्यावर ह्यांनी विचारलं, चाचा, तुम्ही कधी वर गेलात?

"मी वर गेलो तर खाली कोण?" चाचा म्हणाले आणि पुन्हा पट्टीच्या मध्यावर जाऊन उभे राहिले.

विमान उतरलं. चाचांनी चाचींना हात देऊन खाली घेतलं.

"दिसली?"

चाचींनी डोक्यावरचा कपडा नीट केला.

"दिसली. सरळ हाय."

चाचा विमानाचं चाक नीट आहे का ते बघायला खाली वाकले. चाकाला काही झालं नव्हतं.

चाची मला घेऊन चाचांच्या खोलीमागच्या नळावर गेल्या. तोंडावर पाणी मारलं.

"खोटा बोलले बाय. पट्टीबिट्टी काय बघितली नाय. डोळे मिटून बसलेले. एकदाच उघडले."

मी विचारलं, मग काय दिसलं?

"ह्यो दिसला. एवढासा. झाड नाय, घर नाय, माणूस नाय. सगळ्या रानात ह्यो एकटाच उभा."

त्यांनी पुन्हा तोंड धुतलं. मग बुरखा वर खोचला आणि पट्टीकडे गेल्या. चाचा दगड वेचत होते. चाची त्यांच्या मागून निघाल्या. हा राहिला, तो राहिला, दिसत नाय काय तुमाला, असं बोलत त्याही वेचायला लागल्या.

उशीर झाला होता. आमचे हे गाडीत बसले आणि त्यांना बोलवायला हॉर्नवर हात ठेवला. मी तो बाजूला केला.