रविवारची सोयरीक

रविवारी सकाळी काळूराम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गाडीत बसला, शेजारी केसांना पाणी लावून कुणाल बसला, आणि ओटीवर तांदूळ निवडणाऱ्या आक्कानं हातातलं सूप खाली ठेवलं. आपला भाऊ आणि भाचा एका गाडीत बसलेले तिनं कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

"काळू, पोरगी बघायला चाल्लाव की काय रं?"

काळूराम गडबडला. तोंडातून "हा" निघून गेलं, आणि गाडी सुरू झाली.

खरं सांगायची सोय नव्हती. काळूराम अंजूरचा जुना जमीनवाला. खाडीकडचं शेत त्यानं गोदामवाल्यांना विकलं आणि त्या पैशांत तीन मजली बंगला बांधला. ज्या दिवशी भिवंडीच्या कचेरीत त्या शेताच्या खरेदीखतावर सह्या चालल्या होत्या, त्याच दिवशी त्याची बायको काशी ठाण्याच्या हॉस्पिटलात वारली. सह्या होईस्तोवर काळूरामनं फोन बंद ठेवला होता. काशीजवळ एकटा कुणाल होता. तेव्हापासून पोरानं बापाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. जेवताना पाण्याचा तांब्या हवा असला तरी कुणाल म्हणायचा, "आत्या, बाबांना सांग तांब्या सरकवायला." बाबा हातभर अंतरावर बसलेले असायचे. बापही मग आक्काकडेच बघून म्हणायचा, "त्याला सांग, रिकामा हाय." आक्का म्हणजे त्या घराचं टेलिफोन एक्सचेंज झाली होती, आणि एक्सचेंजला गुडघेदुखी होती.

काळूरामच्या पोटात जळजळ सुरू झाली, झोप उडाली. ओळखीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून पाहिल्या आणि म्हणाले, "तुमच्या पोटात काही नाही, घरात आहे. दोघं मिळून ठाण्याला विद्युल्लताबाईंकडे जा. घरातल्या माणसांना समोरासमोर बसवून त्या बोलतं करतात." कुणालला फोनही डॉक्टरांनीच केला. तो हो म्हणाला. का म्हणाला ते काळूरामला कळलं नाही, पण त्या 'हो'वर त्यानं सगळा आठवडा काढला. मात्र बाप-लेक डोक्याच्या डॉक्टरकडे जातात हे गावात कळलं असतं, तर कुणालला कुणी मुलगी दिली नसती. त्यापेक्षा मुलगी बघायला जाणं काय वाईट?

विद्युल्लताबाईंची खोली साधी होती. तीन खुर्च्या, एक पंखा. बाईंनी विचारलं, "काशीताई कशा होत्या, ते मला सांगा." काळूरामनं पंख्याकडे पाहिलं, कुणालनं आपल्या बुटांकडे. वेळ संपेपर्यंत एकानं पंखा पाहिला आणि एकानं बूट पाहिले. "घाई नाही," बाई म्हणाल्या. "इथं जमत नसेल तर घरी एकदा बोला. आणि पुढच्या रविवारी या."

पुढच्या रविवारी गाडी पुन्हा निघाली, आणि आक्कानं पुन्हा सूप खाली ठेवलं.

"तीच पोरगी?"

"तीच."

त्याच्या पुढच्या रविवारी आक्का नुसती हसली. तिसऱ्यांदा गेले म्हणजे पसंती झाली, हे अंजूरमध्ये शेंबडं पोरही सांगेल. आक्कानं ते शेजारच्या ठकुबाईला सांगितलं. ठकुबाई गेल्याच साली लेकीकडे राहायला आलेली. काशीला तिनं पाहिलंही नव्हतं, पण दुसऱ्याच्या घरचं लग्न तिला स्वतःच्या घरच्यापेक्षा जवळचं. तिच्या तोंडून बातमी दापोड्याला सावळारामकडे गेली. सावळारामचा मांडवाचा धंदा. तो मोटारसायकलवरून येऊन दारात उभा राहिला. "शेठ, हळदीची तारीख द्या. सीझनला मांडव गावायचा न्हाय, मग मना बोलू नका."

"अजून कशात काय न्हाय रे," काळूराम म्हणाला. ते त्या गोष्टीतलं सगळ्यात खरं वाक्य होतं, म्हणून कुणालाच पटलं नाही. सावळाराम ओटीची मापं घेऊन गेला.

सावळारामकडून ती बातमी वळ गावाला पोचली, आणि तिथून नामा आला. नामा म्हणजे काशीचा भाऊ, कुणालचा सख्खा मामा. तो आला तो दारातूनच ओरडत. "भाच्याची सोयरीक होते आणि मामाला मांडववाल्याकडून कळतं? बहीण गेली तं मामा पण मेला काय रं, काळूराम?"

काळूरामनं नामाला चहा दिला. नामानं तो रागारागानं प्यायला आणि दुसरा मागितला.

इकडे आक्काच्या मनात पाल चुकचुकली. इतक्या खेपा झाल्या, पण घरात साधा नारळ आला नाही की साखरेची पुडी आली नाही. मुलीचं नाव विचारलं की काळूराम गाडी धुवायला जातो. कुणालला विचारलं की तो म्हणतो, "बाबांना विचार." शनिवारी संध्याकाळी तिनं नामाला आणि ठकुबाईला ओटीवर बसवलं, कुणालला वरच्या मजल्यावर धाडलं, आणि भावापुढं पाट मांडून बसली.

"आता तुला विचारतंय, मग त्याला. जुळलं तं ठीक. न जुळलं तं तुम्ही दोघं रविवारचं खाताव काय, पिताव काय, ते मी बघतंय."

काळूराम मनात हिशेब करू लागला. ज्या पोराशी दोन शब्द होत नाहीत, त्याच्याशी जुळवून खोटं बोलायचं कसं? आणि कुणाल कशाला आपली अब्रू वाचवील? उलट त्याला आयती संधी. वरून येईल, सगळ्यांसमोर डॉक्टरचं सांगून मोकळा होईल, आणि उद्यापासून ती गाडीतली शेजारची जागाही रिकामी होईल. खरं भय त्याला त्या जागेचं होतं.

"दिसाय कशी?" आक्कानं सुरुवात केली.

काळूरामच्या डोळ्यांसमोर कुठलीच मुलगी नव्हती. जी बाई आठवली, ती त्यानं सांगितली. "बुटकी हाय. माझ्या खांद्याला लागंल."

"रांधते कशी?"

"बरी. मीठ कमी टाकते. बोललं तं बोलते, वरून घ्या, हात हायेत ना."

"रागीट हाय?"

"राग आला की बोलत न्हाय. भांडी घासाय बसते. घासलेलीच परत घासते."

"आता बोल, स्वभाव?"

"समोरचा बोलत असला ना, की ऐकता ऐकता त्याच्या शर्टाचं बटण लावते. माणूस कुणी का असंना." हे सांगताना काळूरामचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला. नामानं चहाचा कप खाली ठेवला.

कुणालला बोलावलं. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहिला, बापाकडे न पाहता.

"पोरगी उंच की बुटकी?"

"बुटकी. बाबांच्या खांद्याएवढी."

काळूरामनं मान वर केली.

"हाताला चव?"

"मीठ कमी. आणि तक्रार केली तं बोलते, वरून घ्या, हात हायेत ना."

"राग?"

"घासलेली भांडी परत घासते."

"जुळलं!" ठकुबाईनं टाळी वाजवली. "आक्का, उगाच पोराला छळलंस. पोरगी खरी हाय. पण कुणाल, तू तिला भांडी घासताना कवा रं बघितलीस?"

आक्कानं पदर तोंडाशी नेला. "आमची काशी," नामा पुटपुटला, आणि डोक्यावरची टोपी काढून त्यानं मांडीवर ठेवली. बाप-लेकांनी घरात आणलेली मुलगी ओटीवरच्या माणसांनी ओळखली होती. ठकुबाई तेवढी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

कुणाल मात्र थांबला नाही. आता त्याला कुणी काही विचारत नव्हतं, तरी तो बोलत होता. "आणि तिच्यासमोर फोन लावला, लागला न्हाय, परत लावला, तरी ती चिडत न्हाय. बोलते, कामात असतील. तू नको रागावू त्यांच्यावर. येतील." त्याचा आवाज चिरकला. "दरवाज्याकडे बघते नि तेच तेच बोलते. मी रागावलो, ती न्हाय रागावली."

काळूराम बसल्या जागी रडायला लागला. बायको गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. तेव्हा त्याला वाटत होतं, ती आपल्याला शाप देत गेली असेल, आणि शाप मिळालेल्या माणसानं रडायचं कुठल्या तोंडानं?

"अगं बाई," ठकुबाई कळवळून म्हणाली, "एवढी समजूतदार पोरगी! हातची घालवू नका."

"गेली, ठकुबाय," काळूराम म्हणाला.

"कवा?"

"गेली."

कुणाल जिन्यावरून खाली उतरला. आक्काला ओलांडून सरळ बापासमोर येऊन बसला. "बाबा," तो म्हणाला, "मना तुम्हाला ते सांगायचंच नव्हतं. तुम्हाला बरं वाटंल म्हणून नव्हतं सांगायचं."

"माहीत हाय," काळूराम म्हणाला. ते त्याला आत्ताच कळलं होतं.

ठकुबाईनं आपल्याला समजलं ते गावाला सांगितलं: पोरगी गुणाची होती, सोयरीक मोडली, बाप-लेक दोघंही खचलेत. आक्कानं ते खोडलं नाही. अंजूरचे लोक समाचाराला यायला लागले. काशीच्या वेळी माणसं भेटायला आली होती, तेव्हा कुणाल जुन्या घराच्या माळ्यावर कोंडून बसला होता आणि काळूराम गोठ्यामागं. आता दोघं ओटीवर एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसले. येईल त्याचं ऐकून घेत होते, माना हलवत होते. मध्येच एकाचे डोळे भरले की दुसरा पाण्याचा पेला पुढं करत होता. एका सून न झालेल्या मुलीसाठी बापानं इतकं रडावं, याचं लोकांना नवल वाटलं.

सावळारामही आला. मांडव हातचा गेल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं होतं. जाताना त्यानं कुणालच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे रं. अशी दुसरी मिळंल."

"न्हाय मिळायची," बाप-लेक एकदमच म्हणाले.