खुशालरावांनी राखलेला खडा

फवारणीचं सामान ठेवायच्या खोलीत प्रणालीनं निळ्या द्रावणाचा काचेचा एक पेला फळीवर ठेवला आणि आईला बजावलं, "आठ दिवस याले कोणी हात लावाचा नाई. हललं का संपलं."

गोदाबाईंनी नाकाला पदर लावून मान डोलावली. पेल्याला कुजक्या मासळीचा वास येत होता, म्हणूनच त्याची रवानगी या खोलीत झाली होती.

प्रणाली अमरावतीला रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती. तांबं, बेन्झोइक आम्ल आणि पिरिडीनच्या घराण्यातला तिनं स्वतः बनवलेला एक पदार्थ, या तिघांना एकत्र आणून तिला त्यातून एक स्वच्छ स्फटिक, म्हणजे खडा, हवा होता. तो क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवला की आत कोण कोणाशेजारी बसलंय ते दिसणार होतं. पण सात महिने पेल्याच्या तळाशी नुसता भुगा येत होता. तिचा पदार्थ शेवटचा चिमूटभर उरला होता आणि तो या पेल्यात होता. यंत्रावरचा तिचा नंबर पंधरा दिवसांवर आलेला. तो हुकला तर वर्ष गेलं. नेमक्या त्याच वेळी प्रयोगशाळेच्या फरश्या फोडायला घेतल्या. हादऱ्यांत खडा वाढत नाही, म्हणून बिचारी द्रावणाची बाटली मांडीवर धरून एसटीनं नांदगाव खंडेश्वरला घरी आली होती. पेला ठेवून ती दुसऱ्याच दिवशी परत गेली.

तिचे वडील खुशालराव तेव्हा हिवरखेडला पाहुणे म्हणून गेले होते. ते आले, खोलीत शिरले, आणि त्यांना निळं पाणी दिसलं. संत्र्याची बाग असलेल्या माणसाच्या घरात निळं पाणी म्हणजे फवारणीचं मोरचूद, यात त्यांना शंका घेण्यासारखं काहीच नव्हतं. कोणीतरी भिजवून विसरलं असणार, असं म्हणून त्यांनी ते बरंचसं बादलीत ओतलं, त्यात चुना कालवला, आणि तो बोर्डो, म्हणजे बुरशीवरचा लेप, विहिरीजवळच्या संत्र्याच्या बुंध्याला फासलासुद्धा. वास जरा वेगळा वाटला, पण सर्दी होती.

रिकामा होत आलेला पेला त्यांच्या हातात पाहून गोदाबाई मटकन खाली बसल्या. "अवो, ते पोरीचं होतं. सात महिने झाले ते त्याच्यापायी जेवत नाई धड."

खुशालरावांच्या तोंडचं पाणी पळालं. तळाशी बोटभर निळं उरलं होतं. दूध कमी पडलं की घरोघरी जे करतात तेच त्यांनी केलं. विहिरीचं पाणी शेंदलं आणि पेला होता तितका भरून टाकला. रंग फिका पडला. तेव्हा ते मोरचुदाचा खडा घेऊन आले, पण गोदाबाईंनी हात धरला. "आता पुरे करा."

त्या दिवसापासून खुशालराव त्या खोलीच्या दारात बाज टाकून बसले. घरासमोरून ट्रॅक्टर जाऊ देईनात. शेजारच्या गंगूबाईंना मिरची कांडायला मनाई केली. प्रणालीचा रोज फोन यायचा, "बाबा, हललं तं नाई ना?" आणि खुशालराव अगदी खरं सांगायचे, "जागचं हललं नाई, माय." फोन ठेवला की त्यांना पाणी पिववत नसे.

आठव्या दिवशी प्रणाली आली. तिनं पेल्यात डोकावलं आणि तशीच उभी राहिली. तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढे सात-आठ निळे खडे होते, काठ कसे धारदार, जणू कोणी मोजून पैलू पाडलेले. ती रडायला लागली. खुशालराव पुन्हा बाजेवर जाऊन बसले.

महिन्याभरानं तिनं त्यांना अमरावतीला तिच्या विभागात नेलं. पडद्यावर खड्याच्या आतलं चित्र होतं. मधोमध तांबं, समोरासमोर बेन्झोइक आम्लापासूनचे दोन बेन्झोएट, आडव्या बाजूला पिरिडीनच्या घराण्यातले दोघे, आणि तांब्याच्या डोक्यावर एक लाल ठिपका. असं हे एक घर. तो ठिपका शेजारच्या घराला धरून, ते घर त्याच्या शेजाऱ्याला. कुठंही एक घर वाकडं नाही, आणि एका दाण्यात अशी घरं अब्जांचे अब्ज.

"हा ठिपका पाण्याचा आहे," तिच्या मार्गदर्शक अनुपमा मॅडम म्हणाल्या. "यानंच सगळं बांधून ठेवलंय. पण आपल्या द्रावणात पाणी नव्हतंच. आलं कुठून?"

खुशालरावांनी टोपी काढली. बुंध्यापासून विहिरीपर्यंत सगळं सांगितलं. मॅडम वही उघडून बसल्या. नेमकं किती पाणी घातलं, त्यांनी विचारलं.

"चोरून घालतानी माप कोन पाह्यते, मॅडम?"

घरी आल्यावर खुशालराव मोटर चालू करायला गेले ते विहिरीच्या काठावर वाकून बराच वेळ उभेच राहिले. काय पाहून राह्यले, गोदाबाईंनी विचारलं.

"आपल्या विहिरीतले इतके जन तिकडं खड्यात घर धरून उभे हायेत," ते हळूच म्हणाले. "बाकीचे पाहून राह्यलो."