दुधनीच्या दोन खोल्या आणि एक प्रेशर प्लेट

क्लच बसवणं म्हणजे काय मोठं ऑपरेशन आहे? नटबोल्ट सोडायचे, जुनं काढायचं, नवं लावायचं, नटबोल्ट आवळायचे. संपलं! त्याला मिस्त्री कशाला पाहिजे?

हे मी भर अंगणात, बाह्या वर सारून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोललो. आता तुम्ही म्हणाल, चौऱ्याहत्तर साली सोलापुरात ज्याच्या दारात स्वतःची जीप उभी, तो माणूस काय रुबाबात राहत असेल! कसला रुबाब घेऊन बसलाय! जीप माझी, पण ती उभी राहायची ते अंगण सासूबाईंचं. अंगणातला हौद सासूबाईंचा. हात पुसायचं फडकंसुद्धा सासूबाईंचं! मी घरजावई होतो.

घरजावई म्हणजे काय, ते ज्यानं भोगलंय त्यालाच विचारा. मैंदर्गीत माझं नाव शिवयोगी होतं. सोलापुरात आलो आणि 'पार्वतम्माचा जावई' झालो. पोस्टमनसुद्धा तशीच हाक मारायचा! आमच्यात सासूला अत्ती म्हणतात. तर ह्या अत्ती तिसरी भाकरी वाढताना हात असा मधेच थांबवायच्या, की माझी भूक तिथल्या तिथं मरायची. वर शेजारणींपुढं कौतुक करायच्या, "आमचं जावई लई गुणाचं हायत. कुटं जात न्हाईत, काय करत न्हाईत!"

काय करत न्हाईत म्हणे! मैंदर्गीच्या शेतातला माझा वाटा विकून, दुष्काळ सरल्यावर सरकारी लिलावातली जीप घेतली होती मी. पण भाडं मिळेल त्या दिवशी मिळायचं. नाही मिळालं त्या दिवशी मी जीप पुसत बसायचो आणि अत्ती माझ्याकडं बघत बसायच्या.

अशात मला दुधनीचे ईरप्पाअण्णा भेटले. भुईमुगाचे मोठे अडत व्यापारी, देवभोळा माणूस, कपाळावर तीन बोटं भस्म लावल्याशिवाय तोंडात पाणी घालायचे नाहीत. खेडोपाडी माल बघत फिरायला त्यांना जीप हवी होती, ड्रायव्हरसकट, कायमची. आणि वर काय? गोदामामागच्या दोन खोल्या राहायला! दोन खोल्या! चूल वेगळी, दार वेगळं, दाराला आतून कडी! मला त्या कडीचं स्वप्न पडायला लागलं. बाहेरून अत्ती कडी वाजवतायत आणि मी आतून विचारतोय, "कोण पाहिजे?"

अण्णा मंगळवारी सोलापूरला येणार होते. म्हणाले, "तुमच्याच जीपनं दुधनीला परत जातो. गाडी बरी चालली, तर तुमी आमचे!"

आणि नेमका त्याच आठवड्यात माझ्या जीपचा क्लच गेला. इंजिन बोंबलतंय, जीप जागची हलत नाही!

नबीसाब मिस्त्रीचं गॅरेज आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होतं. काम चोख, पण तोंडाला लगाम नाही. मागं एकदा त्यानं, "पार्वतम्मा के जावई कू गेर डालना बी नै आता!" असं चहाच्या गाड्यावर जाहीर केलं होतं. त्याची बायको हुसेनबी आणि आमच्या अत्ती एका नळाच्या मैत्रिणी. म्हणजे नबीसाबच्या तोंडातून निघालेलं वाक्य पाण्याच्या घागरीबरोबर आमच्या घरात! ह्या खेपेला अत्तींना दाखवूनच द्यायचं होतं, की जावयाला काहीतरी करता येतं. म्हणून मी सोमवारी सुट्टे भाग घेऊन गॅरेजवरून मुद्दाम ताठ मानेनं गेलो.

"क्लच गया क्या, भाई?" नबीसाब म्हणाला. "आणा की इकडं. संध्याकाळपर्यंत देतो."

"नको. मी स्वतः बसवणार."

"सोता?" त्यानं तोंडातलं पान थुंकलं. "मग टांगा सांगून ठेवा!"

माझ्या अंगाची नुसती आग झाली. त्या आगीतच मी जीपखाली शिरलो.

पुढचा शाफ्ट सोडला, मागचा सोडला. गिअरबॉक्सचा शेवटचा बोल्ट निघाला आणि ते धूड सरळ माझ्या छातीवर! ओरडावं तर अत्ती येणार. न ओरडावं तर जीव जाणार. मी जरा वेळ जीव जाऊ द्यायचं ठरवलं.

"अवो!" माझी बायको दानम्मा वाकून बघत होती. "झोपलाव व्हय?"

"न्हाय! विचार करतोय!" मी म्हटलं.

तिनं पदर खोचला आणि एका हातानं गिअरबॉक्स बाजूला ढकलला. तेवढ्यात त्यातलं काळं तेल वाहत वाहत अत्तींच्या रांगोळीत शिरलं.

"अय्यो शिवा! माज्या अंगनाला डांबर फासलं की!" अत्ती कडाडल्या. "लगीन लावून जावई आनला का गटार आनलं?"

दोन खोल्या, दार वेगळं, कडी आतून, असं मनात म्हणत राहिलो. जुनी प्रेशर प्लेट उतरवली. नवी कोरी प्लेट धुतलेल्या पोत्यावर ठेवली. काय चकाकत होती म्हणून सांगू! ही प्लेट क्लचची चकती इंजिनच्या चाकावर दाबून धरते, आणि त्या घट्ट घासण्यावर अख्खी गाडी ओढली जाते. म्हणून मी सगळ्यांना दम भरला, "ह्याला कुणी हात लावायचा नाही!" का लावायचा नाही, ते सांगितलं नाही. अत्तींना कारण सांगायचं म्हणजे अख्खी दुपार वाद घालायचा.

"सोमवार हाय, जावईबापू," अत्ती एकदम गोड आवाजात म्हणाल्या. "अंगोळ केल्याबिगर नवं लोखंड गाडीला लावू नका."

अंगाला काळं फासलेलंच होतं. मी अंघोळीला गेलो. परत येऊन बघतो तर प्लेटच्या पाठीवर भस्माचे तीन पट्टे, मधे कुंकू, वर झेंडूचं फूल! टाळकं फिरलं, पण विचार केला, पाठीला भस्म लागलं तर काय बिघडतंय? उलट मीच म्हटलं, "बरं केलंत, अत्ती."

"मग! तुमाला काय सुदरतंय?" त्या म्हणाल्या.

मग मी प्लेट बसवली. आणि ऐका, कशी बसवली! चकती मधोमध यावी म्हणून जुना शाफ्ट आत घालून धरला. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, पाळीपाळीनं आवळले. हे काम मी पहिल्या नंबरचं केलं, कुणी मानो न मानो! हाताला जरा तेलकट लागलं, पण त्या दिवशी माझं तेलकट नव्हतं असं काय होतं? दानम्मानं खालून रेटा दिला, गिअरबॉक्स चढला, आणि सूर्य मावळायच्या आत जीप सुरू झाली!

रिकामी जीप मी गल्लीतून सावकाश फिरवली. गॅरेजसमोर मुद्दाम हॉर्न वाजवला. नबीसाब बिडी विझवून बघत राहिला. त्या दिवसाइतकं समाधान मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

मंगळवारी सकाळी ईरप्पाअण्णा आले. पुढं बसले, मागं त्यांची भुईमुगाची पोती टाकली. मी किल्ली फिरवणार, तोच मागून आवाज आला, "सरका जरा!" अत्ती! नवं लुगडं, हातात पिशवी.

"तुम्ही कुठं?"

"दुदनीला. लेक ऱ्हानार त्या खोल्या बगू नको व्हय मी? चुलीची जागा म्याच दावनार!"

अण्णा बघत होते, म्हणून मी हसत एक पोतं सरकवून त्यांना जागा करून दिली. दानम्मा दारात उभी होती. तिला म्हटलं, "तुला संध्याकाळी न्यायला येतो. सामान बांधून ठेव." ती मान हलवून आत गेली.

अक्कलकोटच्या रस्त्याला सपाटीवर जीप बरी पळाली. अण्णा खूश. "गाडी झ्याक हाय की, शिवयोगी!" अहो, कुणीतरी मला नावानं हाक मारली! माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. आणि समोर चढ आला.

मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन किंचाळलं. जीप मात्र जणू ती किंचाळी तिच्या कानावरच पडली नाही अशी हळू हळू होत चालली. आणखी दाबला. आणखी किंचाळी! आणि मग एक वास सुटला, जळक्या तेलाचा.

"कुनाच्या तरी घरी भजी तळायलेत," अत्ती म्हणाल्या.

आसपास मैलभर एक घर नव्हतं. जीप थांबली, आणि पायाखालच्या फळीतून धूर वर यायला लागला. अण्णांनी धोतर सावरून खाली उडी मारली.

"हे काय हो?"

"काही नाही, अण्णा! क्लच जरा सरकतोय. नवीनच बसवलाय, मी स्वतः."

"न्हाय न्हाय, असं व्हायाच नको!" अत्ती मागून म्हणाल्या. "म्या चांगली तेल घालून पूजा केलीया त्याची!"

मी गर्रकन मागं वळलो. "तेल? कुठं घातलंत तेल?"

"त्या चकचकीत बाजूला! आरशावानी होती की. वाटीभर करडईचं तेल वतलं, हातानं समदीकडं चोळलं. मग पालती घालून पाटीला भस्म लावलं. नवी वस्तू तशीच कोरडी लावत्यात व्हय?"

"अत्ती!" मी असा ओरडलो की बाभळीवरचे कावळे उडाले. "त्या बाजूला तेलाचं बोटसुद्धा चालत नाही! त्या तेलानंच गाडी बंद पडलीय! तुमच्या पूजेनं वाटोळं केलं माझं!"

आणि इथंच मी मेलो. कारण अत्तींनी डोळ्याला पदर लावला, आणि ईरप्पाअण्णा माझ्याकडं वळले.

"काय म्हनला? पूजेनं गाडी बिगडली?"

"तसं नाही, अण्णा. तेल लागलं की चकती घसरते. शास्त्र आहे ते."

"देवाचं तेल लागल्यानं बिगडतंय, असं कुटलं शास्त्र हाय? म्हातारी माउली तुमच्या गाडीची पूजा करती, अन् तुमी तिला भर रस्त्यावर रडवता?"

"अण्णा, पेट्रोलनं धुऊन काढतो! उद्या चालेल!"

"पूजा पेट्रोलनं धुनार?" अण्णांनी कपाळावरचं भस्म चाचपलं. "शिवयोगी, क्लच गेला तर दुसरा मिळतो. अशा मानसाच्या गाडीत मी पाय ठेवनार न्हाय. खोल्या कुनालाबी देईन." मग अत्तींकडं वळून हात जोडले. "येतो, अव्वा. तुमी मात्र दुदनीला जरूर या."

मागून आलेल्या एसटीला हात करून ते गेले. पोतीसुद्धा नेली. धूर निवेपर्यंत मी रस्त्याच्या कडेला बसून होतो. रडू आलं असतं, पण अत्ती आधीच रडत होत्या, आणि दोघांनी रडायला जागा बरी नव्हती.

शेवटी मंद्रूपकडच्या एका गाडीवानानं बैल सोडून जीपला जुंपले. स्टिअरिंग धरायला जीपमध्ये कुणीतरी हवं, आणि बैल अनोळखी माणसापुढं बुजायचे, म्हणून गाडीवान पुढं चालला. मी स्टिअरिंगवर, आणि अत्ती माझ्या शेजारी पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन! वाटेत भेटेल त्याला त्या सांगत होत्या, "काय न्हाय, जावयानं गाडी नीट केलीया!" नबीसाब गॅरेजच्या दारात उभा होता. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं खिशातली टोपी काढून डोक्यावर चढवली आणि मान खाली घातली, एखाद्याची मयत चालल्यासारखी.

घरात शिरलो तेव्हा दानम्मा चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. मी भिंतीला टेकून बसलो. सगळं सांगितलं, रागानं, शिव्या घालत, तिच्या आईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. ती ऐकत होती, भाकरी फिरवत होती. शेवटी माझाच आवाज बसला.

"ऐक," मी म्हटलं. "हार मानायची नाही. उद्या परत उतरवतो, सगळं धुतो. दुधनीला जाऊन अण्णांचे पाय धरतो. सामान तसंच बांधलेलं राहू दे."

"कुटलं सामान?" तिनं विचारलं.

मी उठून आत बघितलं. माझा कोट खुंटीला. अंथरुणं वळकटी न करता कोपऱ्यात. भांडी फळीवर, जिथल्या तिथं.

"तू काहीच बांधलं नाहीस?"

"न्हाय."

"अगं, पण का?"

दानम्मानं तव्यावरची भाकरी काढली, माझ्या ताटात वाढली आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, "तुमी सोता बसवनार म्हनलाव न्हवं? मिस्त्रीकडं टाकली असती, तर बांदलं असतं की!"