जवसाखालील क्षेत्रात लक्षणीय वाढ

पिकाखालचे क्षेत्र दरवर्षी बदलत असते. ते बदलले नाही, तर सांख्यिकी कचेरीला काम उरणार नाही, आणि एवढी मोठी इमारत रिकामी ठेवणे कोणत्याही शासनाला शोभत नाही.

या कचेरीत बदलांचा अर्थ लावण्याचे काम टक्केसाहेबांकडे होते. (खरे नाव वेगळे, ते आता पगारपत्रकापुरतेच उरले होते.) तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात ‘बदलाचे कारण’ लिहायचे असे. मंजूर कारणे दोन. क्षेत्र घटले तर पाऊस, वाढले तर शेतकऱ्यांमधील जागृती. पाऊस कमी की जास्त, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

एका वर्षी जवसाने साहेबांना घाम फोडला. मागचे क्षेत्र दोन हेक्टर, यंदाचे वीस. वाढ नऊशे टक्के! जुने कागद चाळल्यावर कळले, की मागच्या वर्षीही जवस वीसच हेक्टर होते. छापताना शून्य गळाले होते. पण शून्य परत मिळवायचे तर शुद्धिपत्रक काढावे लागते, आणि कचेरीने आजवर एकही शुद्धिपत्रक काढलेले नव्हते. (यावरून कचेरीची अचूकता लक्षात यावी.) साहेबांनी चष्मा पुसला आणि लिहिले : जागृती.

वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली. मंत्र्यांनी जागृत शेतकऱ्यांचे अभिनंदन केले. अभिनंदन नेमके कोणाचे झाले हे न कळल्यामुळे सगळ्यांनीच जवस पेरले. पुढल्या वर्षी क्षेत्र चार हजार हेक्टर भरले. हा कल प्रथम हेरल्याबद्दल साहेबांना बढती मिळाली.

मग जवस बाजारात आले, आणि भाव असा आपटला की तेलगिरणीवाल्याने फाटकाला कुलूप घातले. त्याच आठवड्यात साहेबांची धाकटी बहीण नवऱ्यासह टेम्पो घेऊन दारात उभी राहिली. पोती बैठकीच्या खोलीत आली, सोफा गॅलरीत गेला.

“अगं, हे काय?”

“जागृती,” बहीण घाम पुसत म्हणाली.

“मला विचारायचं तरी होतंस!”

“काय विचारायचं, दादा? हे म्हणाले, तुझा सख्खा भाऊ छापतोय, मग हरभरा कशाला पेरायचा?”

मेहुणे पोत्यावर बसून मुकाट्याने चहा प्यायले, आणि साहेबांना तेच फार लागले.

पुढच्या तक्त्यात जवस पुन्हा वीस हेक्टरांवर आले. साहेबांनी कारण लिहिले : ‘आमचे मागील कारण.’

संचालकांनी बोलावून घेतले. “हे मंजूर नाही.”

“पण खरं आहे, साहेब.”

“खरेपणाबद्दल माझी तक्रारच नाही. पण ते छापता येईल का?”

ओळ खोडली गेली, आणि गडबडीत रकाना कोराच छापला गेला. गहजब झाला. सरकार कारण दडवते आहे, असे अग्रलेख आले; कचेरीवर मोर्चा आला. अखेर घाईघाईने जाहीर करण्यात आले : पाऊस. मोर्चा तिथल्या तिथे पांगला. बहिणीचाही फोन आला. “बरं झालं बाई कळलं. हे तर स्वतःलाच दोष देत बसले होते.”

साहेबांनी फोन ठेवला आणि पुढचे पीक हाती घेतले.

हे वाचून वाचकांना हसू येईल. येऊ द्यावे. मात्र आज सकाळी त्यांनीही कसलीशी तेरा टक्क्यांची वाढ वाचली, खालचे कारण वाचले आणि “मला वाटलंच होतं” म्हणत पान उलटले. ते कारण साहेबांनीच लिहिले होते.