प्रमाण सामन्याची पडताळणी

खेळाचा दर्जा ही कायम खालावत असलेली वस्तू आहे. तो उंचावल्याची नोंद आजवर एकाही जाणत्या माणसाने केलेली नाही. ज्यांनी केली, ते जाणते नव्हते हे तेवढ्यावरूनच सिद्ध होते. त्यातही व्यावसायिक बास्केटबॉलचा दर्जा इतर खेळांपेक्षा वेगाने खालावतो, कारण त्यात चेंडू मुळातच वरून खाली पडण्यासाठी फेकलेला असतो.

या ऱ्हासाचे शास्त्रशुद्ध मापन व्हावे म्हणून चौकातल्या चष्म्याच्या दुकानात दर रविवारी सकाळी दहा वाजता ‘बास्केटबॉल ऱ्हास मापन मंडळ’ भरते. रविवारी दुकान बंद असते आणि शटर अर्धे खाली, त्यामुळे प्रत्येक सभासदाला कमरेत वाकूनच आत यावे लागते (सभेचे गांभीर्य टिकण्यास याची मोठी मदत होते). एका भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता, आणि मधोमध फ्रेमा टांगलेला एक जाडजूड चौकोनी खांब. खांबामागच्या बाकावरून टीव्ही दिसत नाही, म्हणून तिथे छत्र्या ठेवतात. मंडळाचे सभासद अकरा. पैकी बोलणारे तीन, मान डोलावणारे सात, आणि बेकरीवाले. बेकरीवाले भल्या पहाटे भट्टी पेटवतात, म्हणून दहाला त्यांना झोप येते. मात्र निकालाच्या वेळी ते डोळे न उघडताच “पूर्वीसारखं राहिलं नाही” एवढे म्हणतात, आणि ते एकदाही चुकलेले नाहीत.

डोळे तपासायची खाली-वर होणारी खुर्ची अध्यक्षांची. अध्यक्ष म्हणजे काटेसाहेब. हे आडनाव नव्हे. एकतीस वर्षे वजनमापे खात्यात निरीक्षक राहिल्यावर तराजूचा काटा माणसाला चिकटतो, तसे ते चिकटले. मूल्यमापनाचा तक्ता त्यांनीच आखला होता आणि त्याच्या पाचशे प्रती छापून घेतल्या होत्या. तक्त्यात तीन रकाने: काय बिघडले, किती बिघडले, कशाच्या मानाने. पहिल्या रकान्यासाठी बिघाडांची अधिकृत वर्गवारी होती. (अ) जो तो उठतो आणि लांबूनच चेंडू मारतो. (ब) कुणी नुसते जवळून गेले तरी खेळाडू गोळी लागल्यासारखा कोसळतो. (क) बचाव कुणीच करत नाही. (ड) ठणठणीत खेळाडू विश्रांती म्हणून सूट घालून बाकावर बसतो. (इ) इतर, यात केशरचना.

गेल्या हंगामात मंडळाने चोवीस सामने तपासले. सरासरी दर्जा भरला ३१.४ टक्के. एका सामन्याला एकोणपन्नास मिळाल्याने खळबळ उडाली होती, पण उत्तरार्धात वीज गेली होती आणि सभासदांनी निम्मा सामना पाहिलाच नव्हता असे चौकशीत निघाले. तो आकडा दुरुस्त करून तीसवर आणण्यात आला.

तिसरा रकाना भरावा लागत नसे. त्यात आधीच छापलेले होते: ‘प्रमाण सामना’.

सगळे सुरळीत चालले होते. मग एका रविवारी सरकारी रुग्णालयातल्या सिस्टर रात्रपाळी संपवून, चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून वाकून आत आल्या. स्क्रू बसेपर्यंत त्यांनी शेवटची दहा मिनिटे सामना पाहिला, दोनदा टाळ्या वाजवल्या आणि म्हणाल्या, “मस्त झाला की!”

बेकरीवाले जागे झाले.

“मस्त?” चष्मेवाले म्हणाले. “अहो सिस्टर, तुमचा चष्मा अजून माझ्या हातात आहे.”

“तरी मस्तच दिसला. तुम्ही किती दिले?”

“अठ्ठावीस,” काटेसाहेब खुर्चीवरून म्हणाले. “तेही घासाघीस करून.”

“बाई गं. म्हणजे इतका खालावलाय? पण कशाच्या मानाने, काका?”

आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. छापील उत्तराला कोण प्रश्न विचारणार? काटेसाहेबांनी खुर्ची दोन बोटे वर घेतली आणि हंगामात एकदाच सांगायची हकीगत मुदतीआधी सांगितली. बावन्न वर्षांपूर्वीचा अंतिम सामना. ते नऊ वर्षांचे, वडिलांबरोबर गेलेले. शेवटचा क्षण, एका गुणाची पिछाडी. सहा नंबरच्या खेळाडूने मैदानाच्या मधल्या रेषेवरून उडी घेतली ती घेतलीच. अडवायला दोघे उडाले, खाली आले, पुन्हा उडाले, पुन्हा खाली आले, हा वरच. तिथून त्याने खाली वाकून पाहिल्यासारखे केले आणि मग चेंडू सोडला. कडीला स्पर्श नाही. जाळीचा सळ्ळ असा आवाज शेवटच्या रांगेत ऐकू आला.

सात माना डोलल्या. सिस्टरांनी चष्मा लावला.

“आणि हा सामना तपासला कुणी?”

“तपासला म्हणजे?”

“आमच्या वॉर्डातलं रक्तदाबाचं यंत्र दर सहा महिन्यांनी तपासून येतं. नाहीतर बिघडायचं यंत्र आणि गोळ्या द्यायच्या पेशंटला. तुमचा हा प्रमाण सामना शेवटचा तपासून कधी आला?”

चष्मेवाले हसले. काटेसाहेब हसले नाहीत. दुकानदारांची वजने ज्या पितळी वजनांवर तपासत, ती लाल मखमलीच्या पेटीतली वजने दर वर्षी मुख्यालयात स्वतः तपासून घ्यावी लागत, कारण पितळही वापराने झिजते. एकतीस वर्षांत त्यांनी ही तारीख एकदाही चुकवली नव्हती. याच पेटीच्या जोरावर त्यांनी सख्ख्या मेहुण्याचे किराणा दुकान, किलोमागे चार ग्रॅम उणे भरले म्हणून, आठवडाभर बंद ठेवले होते. मेहुणा तेव्हापासून घरी येत नाही (पत्नीच्या मते खात्याची ही एकमेव भरीव कामगिरी). आणि स्वतःचे प्रमाण मात्र ते बावन्न वर्षे बिनशिक्क्याचे वापरत होते.

“नियमाला धरून आहे,” ते सावकाश म्हणाले. “पडताळणी झाली पाहिजे.”

अडचण अशी की पडताळणी अशक्य नव्हती. ज्या वाहिनीवर तो सामना दाखवला गेला होता, तिच्या जुन्या फितींच्या विभागात काटेसाहेबांची मुलगी कामाला होती, आणि तिने बाबांच्या साठीला तोच सामना शोधून पेन ड्राइव्हवर घालून दिला होता. काटेसाहेबांनी तो डोळ्यांना लावला, निवृत्तीच्या वेळी खात्याने भेट दिलेल्या रिकाम्या लाल पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप घातले. मुलगी दर फोनला विचारी, “बाबा, बघितलात का?” ते म्हणत, “सावकाश बघू.” याला चौदा महिने झाले होते.

कारण एक गोष्ट त्यांनी बावन्न वर्षांत कुणालाही सांगितली नव्हती, पत्नीलाही नाही (पत्नीने विचारले नव्हते). त्यांनी तो सामना पाहिला नव्हता. वडिलांना, म्हणजे अण्णांना, मिळालेली तिकिटे स्वस्तातली होती आणि नऊ वर्षांच्या मुलाची जागा बरोबर खांबामागे आली होती. जागा बदलून घ्यायला अण्णा तयार होते. पण त्यांच्या जागेवर बसले की पुढच्या माणसाच्या पाठीपलीकडे काही दिसेना. तेव्हा अण्णांनी त्याला परत खांबामागे बसवले, स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, “मी सांगतो, तू ऐक.” सगळा सामना त्यांनी सांगितला. ती उडी, ते दोघे, तो सळ्ळ आवाज, सगळे अण्णांच्या तोंडून.

सामना उणा भरला तर खुर्ची जाईल, त्याला काटेसाहेबांची तयारी होती. पण सामना उणा भरला तर अण्णा खोटे ठरणार होते, आणि अण्णांवर बाद असा शिक्का मारण्याचा अधिकार त्यांना कोणत्याही कलमाने दिलेला नव्हता. तरी पुढच्या रविवारी ते पेटी काखेत घेऊन कमरेत वाकले. मेहुण्याला जो नियम लावला तो घरच्याला लावायचा नाही, हे त्यांच्याने झाले नसते.

पडताळणीस अकराच्या अकरा सभासद हजर होते, सिस्टर निमंत्रित म्हणून. टीव्हीवर करड्या रंगाचे खेळाडू आले. पहिल्या चार मिनिटांत कुणालाही बास्केट करता आली नाही. सातव्या मिनिटाला एका खेळाडूने बुटाची नाडी बांधायला घेतली आणि खेळ त्याच्यासाठी थांबला नाही, कारण त्याची कुणालाच गरज पडली नाही. चेंडू एकतीस वेळा मैदानाबाहेर गेला. त्यातल्या दोन वेळा तो परत आणायला स्वतः पंच गेले. पडण्याचे प्रकार (वर्ग ब) नव्हते, कारण कुणी कुणाच्या जवळ जातच नव्हते.

“आवाज मोठा करू का?” अवघडून चष्मेवाले म्हणाले.

“त्याने काय होणार?” काटेसाहेब म्हणाले. ते न थांबता तक्ता भरत होते. हात स्थिर होता.

गुण झाले अठ्ठेचाळीस–एकोणपन्नास. शेवटची काही सेकंदे. सहा नंबर मधल्या रेषेवर नव्हता, बास्केटच्या थेट खाली उभा होता. कुणाचा तरी फसलेला फटका कडीवर आपटून त्याच्या हातात पडला. त्याने तो जाळीत टाकला. उडी मारल्याचे दिसले नाही. टाचा उचलल्या असाव्यात. सामना जिंकल्याचे त्याला शेजारच्याने सांगितले.

मंडळात कुणी कुणाकडे पाहीना. फितीतला कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला. अर्धे लोक आधीच निघाले होते. एका बाजूला जाड खांब होता आणि खांबाशेजारी एक सडपातळ माणूस.

“थांबवा जरा,” सिस्टर म्हणाल्या. “नाही, चालू द्या. हा कोण? हा तर मॅच बघतच नाहीये.”

माणसाची पाठ मैदानाकडे होती. खांबामागून दोन लहान गुडघे तेवढे दिसत होते. त्या गुडघ्यांसमोर तो माणूस दोन्ही हात वर करून, चवड्यांवर उभा राहून, ताणून धरल्यासारखा थांबला होता. थांबला, आणि थांबूनच राहिला. मग त्याने मान वाकवून खाली पाहिले आणि हातातले काहीतरी अलगद सोडून दिले.

“पाच सेकंद,” सिस्टर म्हणाल्या. नाडी मोजायची सवय. “पाच सेकंद वर होता हा.”

“आमचे अण्णा,” काटेसाहेब म्हणाले.

बेकरीवाल्यांनी डोळे उघडे असूनही काही म्हटले नाही. त्यांच्या कारकिर्दीतला हा एकमेव निकाल राखून ठेवण्यात आला.

काटेसाहेबांनी बेरीज केली, सही केली आणि वाचून दाखवली. प्रमाण सामन्याचा दर्जा: २६.५ टक्के. मग पायाशी असलेली कळ दाबून त्यांनी खुर्ची पार खालपर्यंत आणली आणि उठून उभे राहिले. “बावन्न वर्षे मी तुम्हाला उणे माप दिले,” ते म्हणाले. “आणि मी तो सामना पाहिलेलाही नाही. ते गुडघे माझे.”

“मग तुम्हीच तर पाहिलात,” सिस्टर म्हणाल्या. “आम्ही हा पाहिला. काय मिळालं आम्हाला? सव्वीस.” त्या उठल्या, छत्र्या बाजूला केल्या आणि खांबामागच्या बाकावर जाऊन बसल्या. “पुढच्या रविवारी मी इथे बसणार. तुम्ही पाठ करा टीव्हीकडे आणि सांगा.”

“मला नाही जमायचं ते, सिस्टर.”

“न जमायला काय झालं? जमणारा माणूस इतका जवळून पाहिलाय तुम्ही.”

यावर मंडळात चर्चा झाली नाही, हेही पहिल्यांदाच झाले.

तेव्हापासूनची आकडेवारी उपलब्ध आहे. पहिल्या रविवारी दर्जा ४४ टक्के भरला (अध्यक्ष लाजत होते). दुसऱ्या रविवारी ७१. चौथ्या रविवारी काटेसाहेबांनी एका उंच खेळाडूला हवेत सात सेकंद ठेवले आणि स्वतः चवड्यांवर उभे राहिल्याने त्यांना पोटरीत पेटका आला. सिस्टरांनी जागेवरच उपचार केले, दर्जा ९३ भरला. खांबामागचा बाक तिघांचा आहे, त्यावर आता सहाजण बसतात आणि उरलेले टीव्हीसमोर नाइलाजाने. बेकरीवाले महिनाभर झोपलेले नाहीत. पाचव्या रविवारी शटरखालून वाकून एक पोक्त गृहस्थ आले, काही न बोलता बाजूला केलेल्या छत्र्यांजवळ उभे राहिले, आणि सामना संपल्यावर “चार ग्रॅम जास्तच भरलं” एवढे म्हणून निघून गेले. तो मेहुणा होता. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये एवढी सुधारणा झाली असूनही लीगच्या अधिकाऱ्यांनी तिची अद्याप दखल घेतलेली नाही.

सुधारणेमुळे मूल्यमापनाच्या चारशे कोऱ्या प्रती शिल्लक राहिल्या. त्या वाया जाऊ नयेत म्हणून, सध्या झपाट्याने खालावत असलेल्या दुसऱ्या एका क्षेत्रासाठी त्या वापरण्याचे मंडळाने एकमताने ठरवले. ते क्षेत्र म्हणजे छापील कथा. तेव्हा पहिल्या दोन परिच्छेदांनंतरच ज्यांच्या मनात “पूर्वी असं लिहीत नसत” असे येऊन गेले, त्या वाचकांनी आपला तक्ता दुकानातून घेऊन जावा. तिसऱ्या रकान्यातला छापील मजकूर आता खोडलेला आहे. ‘कशाच्या मानाने’ ते वाचकांनी स्वतःच लिहायचे आहे. त्यापुढे, ती जुनी कथा वाचताना आपण कुठे बसला होता, आणि शेजारी उभे राहून ती आपल्याला कोण सांगत होते, तेही कृपया नमूद करावे.